डबे नव्हे, लिटर

बाजाराच्या तोंडाशी जे रंगाचं दुकान आहे, तिथल्या बाईला सगळे शेडताई म्हणत. भिंतीचा खरवडलेला कपचा समोर ठेवावा, तिनं तो उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करावा, ‘हं’ म्हणावं आणि पांढऱ्यात दोन-तीन रंगांचे थेंब सोडून असा काही रंग कालवावा, की जुन्या भिंतीवरचं नवं ठिगळ घरमालकालाही सापडू नये. बाई चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक, जिभेला धार. नवरा रंगारी. ती कालवायची, तो फासायचा. दोघांचा संसार असा एकाच बादलीत चालला होता.

एकदा खराब निघालेला रंग दाखवायला ती कारखान्यात गेली आणि तिथली प्रयोगशाळा बघून आली. पांढरे कोट घातलेल्या बाया पत्र्याच्या पट्ट्यांवर रंग चढवून त्यांना ऊन दाखवत होत्या, पाणी पाजत होत्या, कोणता रंग आधी माघार घेतो ते बघत होत्या. शेडताईचा जीव तिथंच अडकला. पण तिथं शिरायचं तर रंगरसायनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा हवा. तंत्रशाळेत त्याचे संध्याकाळचे वर्ग होते. बाईनं नाव घातलं. अट एकच होती: पहिल्या वर्षाची सरासरी साडेसहाच्या खाली गेली, तर दुसऱ्या वर्षाचं दार बंद.

“या वयात शाळा?” थोरली जाऊ म्हणाली. “चष्म्याचा नंबर वाढेल, दुसरं काही नाही.”

“वाढू दे वहिनी. कुठलातरी नंबर वाढला म्हणजे झालं.”

पहिल्या सत्राचे पाच विषय होते. रसायन आणि गणित म्हणजे तिला दोन मारके बैल वाटत. म्हणून तिनं त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि हातात कला होती ते विषय धरले. कार्यशाळेत तिनं नमुन्याच्या पट्ट्या अशा रंगवल्या, की मास्तरांनी त्या वर्गाच्या भिंतीवर लावल्या. आरेखनाचा एकेक कागद तिनं चार-चार वेळा काढला. निकाल लागला तेव्हा दोन्हींत दहापैकी दहा पॉइंट. भाषेत सात, रसायनात पाच, गणितात चार.

बाईनं पाच आकड्यांची बेरीज केली, पाचानं भागलं. सात पूर्णांक दोन! सगळ्या गल्लीला कळलं. जाऊला तर दोनदा कळलं.

मग छापील गुणपत्रक हातात आलं. त्यावर जीपीए, म्हणजे सरासरी, होता पाच पूर्णांक त्र्याऐंशी.

शेडताई पदर खोचून ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिली. आतल्या बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“तुमच्या मशीनला बेरीज येत नाही,” शेडताई म्हणाली.

“बसा आधी. पाणी हवं?”

“पाणी नको, माझे सात पूर्णांक दोन हवेत.”

आतल्या बाई हसल्या. तुसड्या नव्हत्या त्या. रोज दहा जण हेच भांडण घेऊन येत असणार. त्यांनी गुणपत्रकावरच्या एका बारीक रकान्यावर बोट ठेवलं. “हे क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन, बघितले का? रसायनाला चार, गणिताला चार, भाषेला दोन, कार्यशाळा आणि आरेखनाला एकेक. मिळालेल्या पॉइंटांना त्या विषयाच्या क्रेडिटनं गुणायचं, सगळं मिळवायचं आणि एकूण क्रेडिटनं, म्हणजे बारानं भागायचं. तुमचे झाले सत्तर. भागिले बारा.”

“म्हणजे माझे दहा साधे, आणि लोकांचे दहा काय जरीकाठी?”

“दहा दहाच हो. पण ते कशात मिळाले, ते बघतात.”

शब्द कळले, पण पटलं नाही. बाई तणतणत घरी आली. नवरा मोरीशी बसून नखांतला रंग काढत होता. तिनं चपला काढायच्या आधीच तोंड उघडलं. पाच विषय तर पाच विषय, त्यात लहान-मोठं कुठून आलं, दोन दहा आणून माणूस नापासाच्या काठावर कसा जातो, सगळं ऐकवलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं. मग तो एकटाच खुदुखुदु हसायला लागला.

“हसायला काय झालं?”

“त्या डॉक्टरांचं दिवाणखान्याचं काम आठवतं? मी एक डबा पांढरा नि एक डबा निळा कालवला होता.”

आठवत होतं. पांढरा होता एक लिटर, निळा होता चार. आकाशी व्हायची भिंत कडक निळी झाली होती आणि डॉक्टरीणबाईंसमोर हिनं नवऱ्याची बिनपाण्यानं केली होती.

“काय म्हणाली होतीस तेव्हा? ‘अहो, डबे काय मोजता, लिटर मोजा!’” त्यानं तिचा आवाज इतका हुबेहूब काढला, की शेजारच्या खोलीतून जाऊही खिदळली.

शेडताईनं एकाएकी दाराआडची रिकामी भांडी ओढली आणि ओळीनं मांडली. चार लिटरच्या दोन बादल्या, दोन लिटरचा एक डबा, एकेक लिटरच्या दोन डब्या.

“हे माझे विषय,” ती म्हणाली. “डब्यांत मी झळझळीत पिवळा भरला आणि दोन्ही बादल्यांत गढूळ पाणी. आता सगळं एका ड्रममध्ये ओता. काय रंग येईल?”

“गढूळ.”

“अहो, मग मी सहा महिने करत काय होते?”

“डब्या घासत होतीस.”

बाई स्वतःच्या कपाळावर हात मारून इतकी हसली, की डोळ्यांना पाणी आलं. मग पदरानं डोळे पुसून हिशोबाला बसली. दोन्ही सत्रं पडणार एकाच ड्रममध्ये. क्रेडिट बारा नि बारा, झाले चोवीस. साडेसहाची सरासरी म्हणजे एकशे छप्पन पॉइंट. सत्तर आत पडलेलेच. ते उपसून काढता येत नाहीत. उरले शहाऐंशी. वरून जे ओतायचं ते एवढं उजळ असलं पाहिजे, आणि बादल्यांनीच ओतलं पाहिजे.

दुसऱ्या सत्रात तिनं मारक्या बैलांची शिंगं धरली. रसायनाच्या मास्तरांना ती प्रश्न विचारून भंडावून सोडी: रंग वाळतो म्हणजे नक्की होतं काय? उन्हानं लाल आधी का विटतो? उत्तरं मिळत गेली तसं तिला कळलं, की आपण जन्मभर ज्याच्याशी घरोबा केला, त्याचंच हे पुस्तक आहे. गणित मात्र कुठल्याच नात्यात बसेना. ते तिनं वीटभट्टीवर वीट थापावी तसं थापलं; मोडलं की पुन्हा. आरेखनाचा कागद एकदाच काढायचा आणि द्यायचा.

“काय हो, यंदा हात आखडला?” आरेखनाच्या मास्तरांनी हळहळून विचारलं.

“हात तोच आहे सर. डबी लहान आहे.”

मास्तरांना काही कळलं नाही.

निकालाच्या दिवशी ती दुकानात एका गिऱ्हाइकाचा रंग कालवत होती. नवरा ब्रश न्यायला आलेला, जाऊ बाजारात निघालेली. दोघंही सहज म्हणून थांबली. मोबाइलवर विषयांचे पॉइंट उघडले: रसायन आठ, गणित सात, भाषा सात, कार्यशाळा सात, आरेखन सहा. त्याखाली सरासरीच्या जागी नुसतं चक्र गरगरत राहिलं.

जाऊनं बोटांवर बेरीज केली. “पस्तीस. भागिले पाच, सात. मागल्या खेपेला सात पूर्णांक दोन होते की गं. घसरलीस!”

शेडताईनं हातातला ब्रश तसाच उचलला आणि त्याच डब्याच्या झाकणावर आकडे काढायला लागली. चार आठे बत्तीस. चार साते अठ्ठावीस. साठ तर बादल्यांतूनच आले! भाषेचे चौदा, कार्यशाळेचे सात, आरेखनाचे सहा. सत्त्याऐंशी. त्यात जुने सत्तर. तिनं ब्रश पुन्हा बुडवून मोठ्ठा आकडा काढला: १५७.

“किती हवे होते?” नवऱ्यानं विचारलं.

“एकशे छप्पन.” तिनं आकड्याखाली रेघ ओढली. “अहो, भरल्या! बादल्या भरल्या!”

तेवढ्यात चक्र थांबलं. वर्षाची सरासरी सहा पूर्णांक चोपन्न, दुसऱ्या वर्षासाठी पात्र. नवऱ्यानं असा काही आनंदानं हात उडवला, की थिनरची बाटली फळीवरून खाली आली. जाऊनं मोबाइल दोनदा डोळ्यांजवळ नेला.

“पण तू तर घसरली होतीस ना?”

“घसरले वहिनी,” शेडताई म्हणाली, “पण वरच्या अंगाला घसरले!”

आणि जाऊनं पिशवी तिथंच टाकून, रंगानं भरलेल्या एप्रनसकट तिला मिठी मारली. नवी साडी गेली कामातून. त्याचं दोघींनाही काही वाटलं नाही.

एवढ्या गोंधळात गिऱ्हाईक आपला रंग न्यायला आलं. डबा हातात घेऊन वळवून बघत म्हणालं, “यावर एकशे सत्तावन्न लिहिलंय. हा कुठल्या शेडचा नंबर?”

शेडताईनं ते झाकण काढून घेतलं, डब्यावर दुसरं कोरं ठोकून बसवलं.

“तो माझा आहे,” ती म्हणाली. “विकायचा नाही.”