इनासकाका आणि आमा-लेंची खोली

इनासकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे. चपला काढायचे, "काय, बरं आहे ना?" विचारायचे आणि पाण्याचा ग्लास घ्यायच्या आधी उजवा पंजा भिंतीवर सपाट ठेवून क्षणभर गप्प उभे राहायचे. आमच्या विरारच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बेडरूमची पश्चिमेकडची भिंत अशीच चाचपली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, उशा इकडे नका लावू. दुपारचं सगळं ऊन हिच्या पोटात बसलंय." तिला वाटलं, हे ज्योतिषी असावेत. मी हसत सांगितलं, हे फोम मारतात.

काका वसईजवळच्या भुईगावचे. घराभोवती थोडी माडांची वाडी, एक विहीर, तेरेजाकाकू आणि एकुलती एक मुलगी रोशनी. सातिवलीला ज्या छोट्या कंपनीत मी सुपरवायझर होतो, तिथले ते सगळ्यात जुने फोमवाले. आइस्क्रीमची, मासळीची कोल्ड स्टोरेजं आतून फोमने मढवायची, हे आमचं नेहमीचं काम. घरी काकूंशी ते त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला अर्धीच कळायची. माझ्याशी मात्र साधं मराठी. नव्या गिऱ्हाइकाला फोम म्हणजे काय ते समजावण्याची त्यांची एक रीत होती.

"दोन पिंपं असतात बघा. वेगवेगळी असली की दोघंही मुकी. फवारायच्या गनच्या तोंडाशी भेटली की तापतात, फुगतात, नि मग जन्मभर एकमेकांना सोडत नाहीत. लग्नच आहे ते."

एवढं बोलून स्वतःच मोठ्याने हसायचे. काका गेल्या वर्षी गेले, पण ते हसू अजून कानात आहे. एक हिवाळा असा आला, की ते हसू मी बरेच दिवस ऐकलं नाही. त्याबद्दलच सांगायचं आहे.

लडाखमधल्या एका आडबाजूच्या गावात काही घरं आतून फोम मारून उबदार करायची, असं काम कंपनीला मिळालं. उन्हाळ्यात जायचं ठरलं होतं. फोमचं मशीन वाटेत अडकलं, मग त्याचा एक भाग बिघडला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा झाडांची पानं पिवळी पडू लागली होती. रोशनीचं लग्न नोव्हेंबरात होतं. डिसेंबर लागला की ख्रिसमसआधीचा आगमनकाळ, त्यात लग्नं लागत नाहीत. शिवाय नवरामुलगा जहाजावरचा, महिनाअखेरीला त्याला कामावर रुजू व्हायचं होतं. तारीख हलण्यासारखी नव्हती. "लग्नाच्या कितीतरी आधी मी घरी असेन," काका निघताना म्हणाले होते, आणि तेव्हा ते खरंच होतं.

तिथे काम सोपं नव्हतं. भिंत गोठलेली असली तर फोम धरत नाही, सोलून येतो. म्हणून आधी बुखारी, म्हणजे तिथली लोखंडी शेगडी, पेटवून खोली तापवायची, मग ती विझवून दार-खिडकीला प्लास्टिक लावायचं. काका पांढरा सूट आणि तोंडभर मास्क चढवून एकटेच आत जायचे. आतून फक्त गनचा फुसफुसाट ऐकू यायचा. बाहेर आले की मास्क काढून आधी आभाळाकडे बघत राहायचे. "आत गेलं की असं वाटतं, कोणी डबीत घालून झाकण लावलंय," एकदा मला म्हणाले.

शेवटचं घर एका एकट्या म्हातारीचं होतं. गाव तिला आमा-ले, म्हणजे आई, म्हणायचं, आम्हीही तेच म्हणू लागलो. तिच्या झोपायच्या खोलीतला जुना, ओला गिलावा आम्ही पाडला होता आणि अर्ध्याच भिंतींवर फोम चढला होता. गावातून बाहेर पडायचा एकच रस्ता, तोही खिंडीतून. त्या दुपारी खिंड ओलांडून जाणारा एक ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. हिंदीत म्हणाला, आभाळ बरं दिसत नाही, यायचं तर आत्ताच.

"काका, तुम्ही निघा," मी म्हटलं.

"नि हे कोण मारणार? तुला गन येते?"

"राहू दे अर्धं. पुढच्या वर्षी बघू."

काकांनी उघड्या दगडांवर हात ठेवला. आमा-ले चुलीपाशी बसून आमच्यासाठी तिकडचा लोणी घातलेला चहा घुसळत होती, तिला आमचं बोलणं कळत नव्हतं. "गिलावा आपण पाडलाय," काका म्हणाले. "म्हातारी हिवाळा कशात काढेल? एका दिवसाचं तर काम आहे. हा सांगतोय, उद्या अजून एक गाडी आहे."

ड्रायव्हर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काकांनी खोली पुरी केली. धुराच्या नळीशेजारी बाहेरची हवा आत यायला वेगळा पाइपही बसवला. त्याच रात्री बर्फ पडायला लागला आणि सकाळी रस्ता कुठे होता तेही ओळखू येईना. दुसरी गाडी आलीच नाही. खिंड बंद झाली.

पहिले काही दिवस आम्ही आशेवर होतो. रोज सकाळी काका गावाबाहेर जिथपर्यंत पाय जाईल तिथपर्यंत चालत जायचे, बर्फाच्या भिंतीपाशी उभे राहायचे, परत यायचे. रस्त्याचं काम बघणारे लोक सांगत, बर्फ काढायचं मशीन येईल, आज नाही, बघू. हेलिकॉप्टर होतं, पण ते आजाऱ्यांसाठी. "मी आजारी नाही का रे?" काका मला म्हणाले.

आमा-लेने आम्हाला त्याच खोलीत ठेवून घेतलं. खोली खरोखर उबदार होती. थोडंसं सरपण जाळलं तरी ऊब टिकायची. वारा बाहेर आपटायचा, पण आत पडदाही हलत नसे. वाऱ्याचा आवाजसुद्धा लांबून, दुसऱ्याच कुठल्या घरावर वाहत असल्यासारखा यायचा. काका भिंतीकडे तोंड करून तासन् तास बसत. एकदा मी जेवायला हाक मारली तर वळून न बघता म्हणाले, "मीच बंद केलं रे मला. माझ्याच हातांनी."

फोन लागायचा तो फक्त गोम्पाच्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाच्या, चढावर, तोही त्याच्या मर्जीने. तिथे उभं राहून, स्पीकर लावून ते काकूंशी बोलायचे.

"पुढे ढकलायचं का?" काकूंनी एकदाच विचारलं.

"नको. पोरगा जहाजावर गेला की परत कधी येईल? होऊ दे. रोशनीला दे जरा."

काकू तिला हाक मारत आत गेल्या. मग काकूच परत आल्या. "ती नाही बोलत म्हणते."

असं दोनदा-तीनदा झालं. वसईकडच्या ख्रिस्ती लग्नात बाप मुलीचा हात धरून तिला देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारापासून वेदीपर्यंत नेतो. लहानपणी घरातल्या घरात, वाडीत, ओटीवर, बापलेक तसं चालण्याचा खेळ खेळायचे, हे मला काकांनीच त्या चढावरून उतरताना सांगितलं.

लग्नाच्या दिवशी त्यांनी दाढी केली. अंगावर घालायला कामाच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं. आमा-लेला मी मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ती काकांकडे बघत राहिली. "मेरे कमरे के लिए रुके?" एवढंच म्हणाली. आत जाऊन तिने मेलेल्या नवऱ्याचा लोकरी झगा आणला, काकांना घातला, स्वतः कंबरपट्टा बांधला आणि गळ्यात पांढरा रुमाल टाकला, जसा तिथे मानाच्या माणसाला घालतात.

आम्ही तिघंही चढावर गेलो. काकांच्या मेव्हण्याने देवळात फोन धरून ठेवला होता. इकडे काकांनी आपला फोन कानाला घट्ट दाबला. मला काही ऐकू येत नव्हतं, त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. "बाजा वाजतोय," ते म्हणाले. मग, "आली वाटतं." त्यांचा डावा हात कोपरात वाकून जरासा पुढे आला होता. बहुतेक त्यांना ते कळलंही नसेल. मग ते थबकले.

"काय झालं?"

"तुटला."

पुन्हा लागला नाही. आमा-ले त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि ते बंद फोन कानाला लावून तसेच उभे राहिले.

रस्ता मोकळा झाला तेव्हा ख्रिसमससुद्धा होऊन गेला होता. वसईला उतरल्यावर मला वाटलं, ते आधी घरी जातील. ते रिक्षावाल्याला म्हणाले, "गिरीज." रोशनीचं सासर तिथलं. मी त्यांची बॅग घेऊन मागे.

केळींच्या मधून जाणारी वाट संपली आणि अंगण आलं. रोशनी मॅक्सीवर भांडी घासत होती. बापाला बघून उठली, हात पुसले नाहीत, जवळही आली नाही.

"झाली खोली?" तिने विचारलं.

"झाली."

"मामा म्हणाला, मी चालतो तुझ्याबरोबर. मी नको म्हटलं. एकटी चालले, पप्पा. सगळे बघत होते. हा हात कुठे ठेवायचा तेच कळेना मला."

त्या दिवशी चढावर बंद फोन कानाला लावून उभे होते, ते काकांनी तिला सांगितलं नाही. खाली बघत उभे राहिले. रोशनीने मॅक्सीलाच हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला."

देऊळ जवळच होतं. भर दुपारी आत कोणी नव्हतं, एक बाई तेवढी बाकं पुसत होती. दारात रोशनीने ओढणी सारखी करावी तसा उगाच खांद्यावरून हात फिरवला आणि बापाच्या कोपरात हात घातला. मी मागेच थांबलो. दोघं चालू लागली. काकांचा पाय बर्फात चालून दुखावला होता, ते लंगडत होते. ती त्यांच्या पावलाने चालली. बाकं पुसणारी बाई फडकं हातात धरून उभी राहिली.

वेदीपाशी पोहोचल्यावर काकांनी इकडेतिकडे पाहिलं. जावई तर केव्हाच समुद्रावर गेला होता.

"आता कोणाच्या हातात देऊ तुला?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्या नको," रोशनी म्हणाली. "घरी चला. सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."