आर्थरकाकांच्या हातातला नारळ

महिना झाला. कुवेतमध्ये, महबूल्यातल्या फ्लॅटच्या दारात मी बूट घालत होतो, तेवढ्यात मार्गारेटचा मेसेज आला : बाबा गेले. खाली आणखी एक ओळ होती. तुम्ही त्यांना मुलासारखं सांभाळलंत. ती वाचून मला माझीच किळस आली… अजून येते.

आर्थरकाका एके काळी इंग्लंडमधले व्यावसायिक फुटबॉलपटू, सेंटर फॉरवर्ड. गिरणीगावातला क्लब, चिखलाची मैदानं आणि पाणी पिऊन दगड झालेला चामडी चेंडू. निम्मे गोल डोक्यानं मारलेले. "चेंडूचं तोंड आवळलेली नाडी कपाळावर बसली की दोन दिवस अंधारी," असं सांगायचे आणि वर हसायचे. गुडघा गेल्यावर इथल्या एका तेल कंपनीच्या संघाला शिकवायला आले आणि इथलेच झाले. कुवेतीशी लग्न केलेल्या लेकीकडे, मार्गारेटकडे म्हातारपणी राहिले. मी त्यांचा फिजिओथेरपिस्ट. नव्वदीत त्यांना माझं नाव आठवेना, पण समोर संत्रं उडवलं की मान मागे जायची आणि कपाळ बरोबर पुढे. डोक्याला धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी संत्रं उडवायचो. मित्रांना गंमत दाखवायला.

त्यातूनच ते आमच्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाचे पाहुणे झाले. "तुमचा गोरा आणा हो, फोटो झकास येतील!" अध्यक्ष म्हणाले. शाल पांघरली, श्रीफळ हातात दिलं. काकांनी ते चाचपलं. तपकिरी, जड, शेंडीवालं… "आज ओला आहे," ते पुटपुटले. मला कळलं. तेव्हाच कळलं. दोन पावलं टाकून हात धरता आला असता. माझ्या हातात मोबाइल होता; मी तो नीट धरला.

त्यांनी नारळ उडवला.

आधी हशा, टाळ्या. मग शालीवर रक्त दिसलं. "पायरीवरून घसरले म्हणा, मंडळाचं नाव नको," अध्यक्ष कानाशी लागले. मी मार्गारेटला तेच सांगितलं. डॉक्टरांनाही. त्यानंतर काका अंथरुणातून उठले नाहीत. त्यामुळेच गेले का, मला माहीत नाही. कोणी विचारू नये याची सोय मीच करून ठेवली होती.

परवा मार्गारेटला सगळं सांगितलं, व्हिडिओही दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत पाहिला.

"त्यांनी नजर हटवली नाही त्याच्यावरून," ती म्हणाली. "तुम्ही कुठे बघत होता?"

गडबडीत माझ्या पिशवीतून आलेला तो नारळ आमच्या ओट्यावर आहे. "अहो, फोडा तरी, नाहीतर टाका," बायको म्हणते. काल ती घरात नसताना मी तो उचलून कपाळाला टेकवला. चांगलाच जड आहे.