ओल्या केसांवरचं तेल

कॉलेजला नेणाऱ्या सकाळच्या जीपआधी आई माझी वेणी घालायची. न्हाऊन आल्या आल्या, केस ओलेच असताना, ती खोबरेल मुरवायची, घट्ट वेणी घालायची आणि वरून स्कार्फ बांधायची. लोहगडवाडीत बऱ्याच घरांत असंच चालतं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आईला माझी पुस्तकं वाचता येत नाहीत. माझ्या शिक्षणात आपला हातभार म्हणजे ही वेणी, असं ती मानायची. म्हणूनच डोकं खाजवून रक्त निघू लागलं तरी तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटेना. कोंडा दिसला की ती तेल वाढवायची. मधूनच लिंबूही चोळायची.

शेवटी एका मंगळवारी, गडावर गर्दी नसते म्हणून, पायथ्याची आमची चहाची टपरी बंद ठेवून तीच मला लोणावळ्याला डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली.

"टाळू लय कोरडी पडलीया बाई, तेल पुरंना," ती म्हणाली.

"केस ओले असतानाच लावता?"

"मग? केस वाळायला जीप थांबती व्हय?"

बाई हसल्या. मग त्यांनी समजावलं, की डोक्यावर एक सूक्ष्म बुरशी सगळ्यांच्याच असते. टाळूवरचं तेल हे तिचं खाद्य. डोकं ओलसर आणि बांधलेलं राहिलं की ती फोफावते, टाळू चिडते आणि कातडीचे पापुद्रे सुटतात. हा कोरडेपणा नव्हे, आणि अस्वच्छपणाही नव्हे.

"म्हंजी मी त्या बुरशीलाच जेवू घालत व्हते?"

"थोडंफार."

"आन् लिंबू?"

"चिडलेल्या टाळूला त्यानं आणखी आग होते."

"ते कोंड्याचं दुसऱ्याला लागतंय का? धाकटीचा कंगवा येगळा करू?"

"नाही, त्यानं पसरत नाही."

बुरशीच्या आकृत्या काढून मी परीक्षेत गुण मिळवले आहेत, पण आपल्याच डोक्याशी त्यांचा काही संबंध असेल, हे मला सुचलं नव्हतं. वर्गात शंका विचारायला माझा हात वर जात नाही. आई मात्र एकामागून एक विचारत राहिली. औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा, हे तिनं बाईंना दोनदा म्हणून दाखवलं.

परतताना जीपमध्ये ती शाम्पूची बाटली मांडीवर धरून बाहेर बघत बसली. तिला लागलं असणार, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या मावशीनं टोकलं, "पोरीचं डोकं आज कोरडंच? कॉलेजच्या पोरींला तेलाचा वास येतोय व्हय?"

"न्हाई गं," आई हंडा भरत म्हणाली. "माझंच चुकत व्हतं. तू बी ओल्या केसांला लावती ना? बस हितं, सांगते."

आणि सगळ्या बायकांसमोर, स्वतःच्या चुकीसकट, तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी दप्तर घेऊन जीपची वाट बघत उभी होते. मध्येच ती माझ्याकडे वळली, "त्या बुरशीचं नीट सांग गं, मला तेवढं जमंना."

मी घाबरत घाबरत सांगू लागले.