उन्हात ठेवलेले बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक अनोळखी बाई विकायचे मातीचे बैल परातीत मांडून माझ्या ओट्यावर वाळत ठेवून चहाला गेली. पाकिटातली पांढरी माती, भट्टी लागत नाही. जाता जाता एकेका बैलाचे कान ओल्या बोटाने सारखे करत होती. सावलीत काय वाळणार, म्हणून मी परात उन्हात नेली. तासाभरात सगळ्यांच्या पाठी तडकल्या.

"मावशी, ही सावलीतच वाळवावी लागती. म्या सांगितलंच न्हाई, माझंच चुकलं," ती म्हणाली आणि भेगा लिंपत बसली. तडकलेला बैल पूजेला कोणी घेत नाही आणि अंबडचा बाजार तर भरला होता.

चूक माझी होती. तसं मी म्हणाले नाही, तांब्याभर पाणी दिलं. पुढच्या पोळ्याला ओटा झाडून ठेवला. ती आली नाही.