इंदूवहिनींची काशी

इंदूवहिनी बाजूला बसल्या की आमच्या सगळ्या चाळीला कळायचं. इतर बायका त्या चार दिवसांत तोंड लपवायच्या. या मात्र मागच्या अंगणात शेवग्याखाली बसून मोठ्यानं ओव्या म्हणायच्या. एकदा मी हसून विचारलं, तर म्हणाल्या, "चूल बंद, देव बंद. तोंड कुनी बंद केलंय, वहिनी?"

कोपरगावजवळच्या साखर कारखान्याच्या चाळीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्यांचे यजमान ऊस मोजायच्या काट्यावर होते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि सासूबाई जनामावशी ते रोज या ना त्या वाटेनं ऐकवायच्या. "मनाला लावलं तर बोल, न्हाईतर वारं," असं इंदूवहिनी म्हणायच्या खऱ्या. पण चाळीत कुणाचं तान्हं रडलं की भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या उन्हाळ्यात, गळीत हंगाम संपल्यावर, आम्ही चाळीतल्या काही जणांनी मिळून काशीला जायला बस ठरवली. जनामावशींनी सुनेला सांगून टाकलं, "तुझी अडचन नेमकी तिथंच यील. तू घरी ऱ्हा."

"आली तर बसमधनं उतरनार न्हाई, आत्याबाई," असं सांगून इंदूवहिनींनी कसंबसं त्यांना मनवलं. मला मात्र म्हणाल्या, "आपली गोदामाय उन्हाळ्यात वाळू दाखवती. तिकडची गंगा म्हनं आटतच न्हाई. एवढ्या लांब जाऊन मी बसमधी बसू व्हय?"

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात, हे तेव्हा नुकतंच कानावर आलं होतं. मी त्यांना गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घेतली आणि सांगितलं, "रोज न चुकता घ्या. बंद केल्या की थोड्या दिवसांत पाळी येईल." ही गोष्ट आम्हा दोघींतच राहिली.

गंगा पाहिल्यावर इंदूवहिनी थेट घाटाच्या पायऱ्या उतरून गेल्या. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. त्याच दिवशी जनामावशींच्या ध्यानात आलं, सुनेची पाळी टळली होती. घाटावरच त्यांनी तिची ओटी भरली, धर्मशाळेत आपल्या हातानं तिच्या केसांना तेल लावलं. "गंगामाय पावली गं बाई!" असं बसमधल्या प्रत्येकीला सांगत सुटल्या.

इंदूवहिनी मला कोपऱ्यात ओढून रडल्या. "लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा त्यांनी मला जवळ घेतलं, वहिनी. कसं सांगू? घरी गेल्यावर सांगते."

घरी आल्यावर त्यांनी सांगायच्या आधीच पाळी आली. जनामावशींनी हंबरडा फोडला. नातू गेला म्हणून त्यांनी छाती बडवून घेतली, सुनेला अंथरुणावर निजवलं, तिच्या उशाशी बसून अन्नपाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी इंदूवहिनी उठून बसल्या आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "आत्याबाई, रडू नका. पोटात काईच नव्हतं. मी गोळ्या घेतल्या हुत्या."

जनामावशींनी तिच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. पुन्हा कधी ठेवला नाही.

"गप राहायचं होतंत," मी नंतर म्हटलं.

"गप ऱ्हायले असते तर माया मिळाली असती, वहिनी. पन जे लेकरू नव्हतंच, त्याचं दुःख म्हातारीच्या गळ्यात जलमभर कसं बांधू?"

वर्षभरात त्यांच्या यजमानांनी दुसरी बायको आणली. इंदूवहिनी सोनईला भावाकडे गेल्या. दुष्काळात तिथे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या म्हणे. त्यातच कावीळ झाली, आणि त्या दुखण्यातून इंदूवहिनी उठल्याच नाहीत.

निरोप आला त्या दुपारी जनामावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू संगं हुतीस. खरं सांग. तवा खरंच काई नव्हतं का गं?"

"नव्हतं, मावशी."

त्या उंबऱ्यावर खाली बसल्या. "मंग मी आता रडू कुनासाठी?"

"इंदूसाठी रडा," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदाच सुनेचं नाव घेऊन रडल्या.