सगळ्यात गडद नळी

सोलापुरात माणसाचे तोंड न बघता माणूस ओळखणारा एकच मनुष्य होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. रक्त तपासण्याचे छोटे दुकान चालवणाऱ्या या काकांना नावे, आडनावे, चेहरे यांतले काहीही लक्षात राहत नसे. लक्षात राहत असे ते रक्त. लग्नाच्या मांडवात कुणी वाकून नमस्कार केला की काका गोंधळून बघत राहत. त्या माणसाने "मागं तुमच्याकडं तपासायला आलो होतो की" असे म्हटले की मात्र त्यांचा चेहरा उजळे. "हां, तुम्ही होय," एवढेच ते म्हणत आणि त्याच्या पानातल्या जिलबीकडे इतक्या दुःखाने पाहत की त्याचा हात आपोआप आखडे. यापलीकडे एक अक्षर त्यांच्या तोंडून निघायचे नाही. एकदा मावशीच्या सख्ख्या भावाचे रक्त त्यांनी तपासले. मावशीने तीन दिवस निरनिराळ्या वाटांनी विचारून पाहिले. चौथ्या दिवशी काका म्हणाले, "तो तुझा भाऊ आहे म्हणून त्याचं रक्त तुझं होत नाही."

घरातला एकुलता एक फ्रीज दुकानात होता. त्यात वरच्या कप्प्यात नळ्या आणि खालच्या कप्प्यात मावशीचे दूध. काही रक्तांवर रात्रभरात पांढरा थर धरतो. काका त्याला साय म्हणत आणि सकाळी उठून दोन्ही कप्पे सारख्याच आस्थेने न्याहाळत. हे कळल्यापासून माझे मित्र त्यांच्याकडे कोराच चहा मागत. स्वतः काका म्हणजे खुंटीला टांगलेला सदरा. दुकानात येणारी जाड माणसे मात्र बाकावर बसताच आपण होऊन कबुलीजबाब देऊ लागत: भात सोडलाय, तूप बंद आहे, शेंगाची चटणी फक्त रविवारी. काका हात वर करत. "मला सांगू नका. मी नळीला विचारतो." ती माणसे गेल्यावर एकदा ते मला म्हणाले होते, "जाड माणूस दिसला की लोक त्याच्या ताटात डोकावतात. बारीक माणसाच्या ताटात कोण बघतं?"

हे बोलणे मला उद्देशून होते. मी पत्रकांवर वाढलेला. वडिलांच्या खिशात चळवळीची पत्रके, माझ्या दप्तरात पत्रके, आणि विशी ओलांडायच्या आत मी ती लिहायलाही लागलो होतो. माझ्या पत्रकातला शेठ ढेरपोट्या असे आणि मजुराच्या बरगड्या मोजता येत. काकांनी एक पत्रक चष्मा पुसून दोनदा वाचले आणि विचारले, "तुझ्या पत्रकात बारीक शेठ नसतो का रे? माझ्याकडं येतात की."

दुष्काळ नुकताच सरला होता आणि मागांवरच्या कामगारांचा संप चालू होता. मैदानाच्या कडेला आम्ही चुली मांडल्या होत्या. संपकऱ्यांच्या पोरांना निदान एक वेळ पोटभर मिळावे म्हणून. स्वयंपाक करायची नरसम्मा, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी विधवा, अंगाने चांगली भरलेली. महिन्याभरात तेल आणि पीठ पुरेनासे झाले. जेवायला येणारी माणसे दुप्पट झाली होती, ते कुणाच्याही डोळ्यांना दिसले असते. पण आम्ही सगळे बघत होतो तिच्या अंगाकडे. त्यात ऐन एप्रिलात ती चादर पांघरून यायची. चादरीखाली पिठाची पिशवी असते, असे एकाने म्हटले आणि ते सगळ्यांना आवडले. मी म्हणालो, आपण शास्त्र मानणारी माणसे आहोत, अफवेवर जाऊ नये, रक्त तपासू. तेव्हा मला हा विचार फार न्यायी वाटला होता. चोरून खाल्लेले तेल रक्तात सापडेल, अशी माझी श्रद्धा होती.

नरसम्मा मुकाट आली. काकांनी रक्त घेतले, तिच्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलले आणि मला म्हणाले, "उद्या ये." मी संध्याकाळीच गेलो. काका आत हात धूत होते. रक्तातले कोलेस्टेरॉल पाहायचे म्हणजे त्यात तेजाब घालतात, मग नळी हिरवी होते; जितके जास्त तितका रंग गडद, एवढे मला ठाऊक होते. स्टँडवर सहा नळ्या होत्या. चिठ्ठीवर नरसम्माचे नाव असलेली नळी शेवाळासारखी हिरवी होती. मी थांबलो नाही. त्याच रात्री मैदानातल्या सभेत सांगून टाकले की शास्त्राने निकाल दिला आहे. नरसम्माने हातातली पळी पातेल्यावर आडवी ठेवली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या दोन मुलीही जेवायला आल्या नाहीत.

त्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी मी बोलत असताना काका सभेत शिरले. आयुष्यात कधी घाई न केलेला माणूस धापा टाकत होता आणि रुमालात गुंडाळलेली एक नळी त्याने छातीशी धरली होती.

"काका, आत्ता नको. सभा चालू आहे."

"हा रंग वीस मिनिटांत बिघडतो. तुझं भाषण त्याच्या आत संपतं होय?"

लोक हसले. काकांनी नळी बत्तीसमोर धरली. "काल तू चोरून नरसम्माबाईची नळी पाहिलीस. ही तिच्याहून फिकी का गडद?"

मी बघितले. "गडद."

"मागं ऐकू जात नाही."

"गडद," मी ओरडून म्हणालो.

"हे रक्त माझं. आता तुमच्या शास्त्रानं सांगा, मी तेलाचा डबा कधी पळवला?"

पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "काका, तुमी तेल प्यालात तर भाईरनं दिसंल की."

सगळे मैदान हसले. काकाही हसले. मग म्हणाले, "तुम्ही हसताय. पण सोलापुरात एप्रिलमध्ये थंडी वाजणारी बाई तुम्हाला चोर वाटली. मला ती आजारी वाटली. तिला विचारून आलोय, सांगू का म्हणून. ती म्हणाली, सांगा. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करीना झाली, की माणूस न खाता सुजतो. रक्तही असंच गडद होतं."

दुसऱ्या सकाळी आम्ही पाचजण तिच्या दारात गेलो. मी माफी मागितली. ती म्हणाली, "चादर झटकून बगा आदी, आन् मग बोला." मी मान खाली घातली, तेव्हा कुठे ती उठली आणि चुलींकडे निघाली. मोठ्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तिची चादर सुटली.

मैदानातून परतताना मी काकांना विचारले होते, "तुमचं एवढं गडद कसं?" ते म्हणाले, "घराण्यात आहे. माझे वडीलही यानंच अचानक गेले. मावशीला बोलू नकोस." शेकडो माणसांनी त्यांचे रक्त पाहिले होते, आणि ते काय सांगत होते हे एकालाही कळले नव्हते. आम्ही हसण्यात गुंतलो होतो.

चार वर्षांनी काका दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. घरात चूल पेटत नव्हती. पिठलं-भाकरी घेऊन नरसम्मा आली. मावशीला घास भरवता भरवता तिने त्या सभेची सगळी गोष्ट सांगितली, सगळ्यात हिरवी नळी काकांची निघाली, हेसुद्धा. काका गेल्यापासून मावशी पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "होय रे? म्हणजे काय असतं ते, हिरवं?"

सत्यासाठी मी तोवर बरीच भांडणे केली होती.

"काही नाही गं, मावशी," मी म्हणालो. "नुसता रंग असतो."