लिमलेटची गोळी विरघळेपर्यंत

मरणानंतर माणूस कुठं जातो, हा प्रश्न ऋषिमुनींपासून सगळ्यांना छळत आला आहे. मी तो आज दुपारी जेवणानंतर सोडवला. माणूस आमच्या हॉस्पिटलातल्या एक्स-रे खोलीबाहेरच्या बाकावर जातो आणि नंबर लागायची वाट बघत बसतो.

मी दिवाणावर आडवा आहे. पोटात भाकरी आणि वांग्याचं भरीत, छातीवर एक कागद, चष्मा कपाळावर. पंखा तीनवर आहे, त्यामुळं कागदाचा कोपरा हनुवटीला लागतो, थांबतो, पुन्हा लागतो. कागद म्हणजे आज पाचच्या बैठकीचा ठराव. पाळक शांतवन अमोलिक यांच्या मृत्यूस सिस्टर हन्ना तोरणे यांचा हलगर्जीपणा कारणीभूत असून त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे. खाली माझ्या सहीची जागा. आयुष्यभर वर्तमानपत्रातून अध्यक्षांची टिंगल केली, म्हणून निवृत्त झाल्यावर मिशन हॉस्पिटलवाल्यांनी मलाच अध्यक्ष करून टाकलं. बाहेर राहिलो तर लिहीन, आत आलो तर सह्या करीन, हा त्यांचा हिशेब. चुकला नाही.

पाळकसाहेब हॉस्पिटलचेच पाळक होते. रुग्णांच्या उशाशी बसून प्रार्थना करणं हे त्यांचं नेमलेलं काम. खरी गरज मात्र वरच्या मजल्यावरच्यांना लागायची. सुपरिंटेंडेंट असो, मेट्रन असो, बोर्ड असो, निर्णय अवघड झाला की पाळकांना बोलावणं जायचं. ते सल्ला देत नसत. कोटाच्या खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढत, संत्र्याच्या फोडीसारख्या असतात त्या, आणि प्रत्येकापुढं एकेक ठेवत. गोळी विरघळेपर्यंत कुणी बोलायचं नाही, चावायची तर मुळीच नाही. एकदा व्हरांड्यात चुली मांडतात म्हणून नातेवाइकांना हाकलायचा ठराव होता. गोळ्या संपल्या तेव्हा त्याच ठरावात चुलींसाठी पत्र्याची शेड आली होती. मध्ये कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

असा माणूस गेल्या महिन्यात कफ झाला म्हणून आपल्याच हॉस्पिटलात दाखल झाला. त्यांना एक इंजेक्शन सोसत नसे, ते केसपेपरवर तांबड्या शाईनं लिहिलेलं होतं. सिस्टर तोरणेंनी नेमकं तेच टोचलं. चौकशीत सिस्टरनं एक ओळ लिहून दिली, माझी चूक झाली. त्यावर हा ठराव.

कागदाचा कोपरा हनुवटीला लागतो, आणि यावेळी परत जात नाही.

दिवाण गार लागतो. तो दिवाण नाही, बाक आहे. फिनेलचा वास येतो. बाकावर पुष्कळ माणसं दाटीनं बसली आहेत आणि कुणाचाच खांदा कुणाला लागत नाही. आतून नंबर पुकारला जातो, एकजण उठतो, दार उघडतं, आत निळसर उजेड, दार बंद. कुणी बाहेर येत नाही.

शेवटच्या जागेवर पाळकसाहेब बसले आहेत. तोच करडा कोट, पण उजवी बाही दंडापर्यंत वर गुंडाळलेली.

"बसा भाऊ," ते म्हणतात. "तुमचा नंबर नाही अजून. नुसते बसा."

मला हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटते. मी विचारतो, तुमचा कधी आहे?

"लागत नाही. माझ्यानंतर आलेले पुढं जाताहेत. आतले म्हणतात, तुमचं प्रकरण बाहेर अजून मिटलेलं नाही."

मी सांगतो की आज पाचला मिटतंय. ठराव तयार आहे. ते माझ्या हातातल्या कागदाकडं बघतात. कागद ओला आहे. मी म्हणतो, पाळकसाहेब, तुम्ही या प्रकरणातले हितसंबंधी, तेव्हा नियमानं तुम्हाला यावर बोलता येणार नाही.

"मी कधी बोललो होतो, भाऊ?"

हेही खरंच.

आम्ही चर्चमध्ये आहोत. चालत आलो नाही, बाकच चर्चमध्ये आहे, रविवारी मी डुलक्या काढतो तो दुसरा बाक. पुढं वेदीच्या जागी बोर्डाचं लांब टेबल आहे, आणि त्यावर पांढरी चादर घट्ट ओढून चारी कोपरे आत खोचले आहेत, वॉर्डातल्या खाटेवर खोचतात तसे. सगळे सभासद बसले आहेत. आमचे सुपरिंटेंडेंट डॉक्टर विनय उजगरे मधोमध, टाय नीट. प्रत्येकाचा गाल फुगलेला. तोंडात गोळ्या आहेत. दातांवर गोळी आपटल्याचे बारीक आवाज येतात, आणि एवढ्या मोठ्या चर्चमध्ये तेवढेच येतात.

पाळकसाहेब टेबलाभोवती सावकाश फिरतात. त्यांच्या पावलांना आवाज नाही.

"तिला कुणी विचारलं?" ते म्हणतात.

कुणी बोलत नाही. नियमच आहे.

"ती चूक म्हणाली. चूक कशी झाली, ते कुणी विचारलं?"

पुन्हा नुसते गोळ्यांचे आवाज. मी आठवून बघतो. तिला चौकशीला बोलावलं होतं, ती दारात उभी होती, आम्ही तिचा कागद घेतला, ती गेली. दारात उभी होती एवढंच मला आठवतं, चेहरा आठवत नाही.

पाळकसाहेब डॉक्टरांच्या खुर्चीमागं थांबतात.

"त्या रात्रीची तिची ती ड्यूटीची कितवी पाळी होती, डॉक्टर? सलग?"

कडाक्.

डॉक्टर उजगरेंनी गोळी चावली आहे. सगळे त्यांच्याकडं बघतात. ते टाय नीट करतात. टायची गाठ सैल होत नाही, घट्टच होत जाते, आणि ते तरीही नीट करत राहतात.

मला ते बघवत नाही म्हणून मी खाली बघतो. टेबलावर चादर आहे, चादरीखाली पाय आहेत. टेबल नाही, तीन नंबरची खाट आहे. खाटेवर पाळकसाहेब आडवे, डाव्या हाताला सलाइन. बाकीचे कुणी नाहीत. मी स्टुलावर बसलो आहे, आणि खोलीबाहेर कुणीतरी चपला घासत चाललं आहे, फार दमलेल्या माणसासारखं.

"ती येतेय," पाळकसाहेब म्हणतात. "बघून घ्या. मला बोलता येणार नाही."

त्यांच्या गालात गोळी आहे.

सिस्टर तोरणे आत येते. तिचे डोळे उघडे आहेत, पण तिच्या मागं झोप चालत आल्यासारखी वाटते, हात धरून. ती ट्रे ठेवते, केसपेपर उचलते, त्याच्यावरून नजर फिरवते. तांबडी अक्षरं मला इथून दिसतात. तिला दिसत नाहीत. ती पाळकसाहेबांचा डावा हात धरते.

पाळकसाहेब उजव्या हाताचं एक बोट वर करतात. थांब.

ती बोटाकडं बघते. मग हसते, प्रेमानं, वडील माणसाकडं बघून हसावं तसं.

"बरं पाळकसाहेब, उजव्या हातात देते," ती म्हणते, आणि त्यांची बाही वर गुंडाळू लागते.

मी उठायला जातो. स्टूल माझ्याबरोबर उठतं. ओरडायला जातो, तर माझ्याही तोंडात काहीतरी आहे, गोड, आणि त्याच्याभोवती जीभ वळत नाही. पाळकसाहेबांचं बोट वरच आहे. ते अजिबात घाबरलेले नाहीत. थोडे ओशाळलेले आहेत.

ती निघून जाते. चपला घासत, लांब.

"गोळी थुंकायची ना," मी शेवटी म्हणतो. आवाज माझा नाही.

"सगळ्यांना लावलेला नियम स्वतःपुरता मोडायचा?" ते म्हणतात. "मला वाटलं, थोडीच राहिलीय, विरघळली की सांगू."

त्यांना हसू येतं. मलाही येतं. आम्ही दोघं बराच वेळ हसतो, आणि मग माझ्या लक्षात येतं की हसण्याचा आवाज एकट्याचाच येतो आहे.

मी म्हणतो, हे मी बोर्डाला कसं सांगू? पाळकसाहेब स्वप्नात आले होते असं सांगितलं तर ठराव माझ्याच नावाचा होईल. काय करू, तेवढं एकदा सांगा. मेल्यावर तरी एक सल्ला द्या.

आम्ही बाकावर आहोत. बाक आता रिकामा आहे, आम्ही दोघंच. आतून नंबर पुकारला जातो, तो त्यांचा नाही, आणि आत जायला दुसरं कुणी उरलेलं नाही. निळा उजेड उघड्या दारातून आमच्या पावलांपर्यंत येतो. माझ्या पावलांच्या किंचित जास्तच जवळ येतो.

पाळकसाहेब खिशात हात घालतात आणि माझ्या तळव्यावर एक नारिंगी फोड ठेवतात. तळवा गार पडतो.

"चावू नका," ते म्हणतात.

पंख्याचा आवाज. कपाळावर चष्मा. कागद छातीवरून जमिनीवर पडला आहे.

माझ्या तोंडात लिमलेटची गोळी आहे.

मी तिला जिभेनं एकदा फिरवून बघतो. आहे. अर्धी झिजलेली, एका बाजूला धार आलेली. मला मधुमेह आहे. आमच्या घरात गूळसुद्धा कुलपात असतो, आणि किल्ली बायकोच्या, कुंदाच्या कमरेला.

कुंदा दारात उभी आहे, हातात फोन.

"अहो, डॉक्टर उजगरे आहेत. विचारतात, ठरावावर सही झाली का? नुसतं हो म्हणा म्हणतात, पाचच्या आत पत्र टाइप करून ठेवतो."

मी बोलायला तोंड उघडतो आणि मिटतो. गोळी अजून आहे. मी एक बोट वर करतो. थांब.

कुंदा बोटाकडं बघते. आमच्या लग्नाला जन्म लोटला, ती भरपूर झोपलेली आहे, भर दुपारचा उजेड आहे. ती बोटाकडं नीट बघते, मान हलवते, आणि जाऊन पंखा एकवर करते.

मी बराच वेळ त्या सावकाश झालेल्या पंख्याकडं बघत राहतो.

मग कागद उचलतो. सहीच्या जागेवर लिहितो, एक खुर्ची जास्त मांडा, सिस्टर तोरणे येऊन बसतील, चूक कशी झाली ते त्यांना विचारायचं आहे, आणि त्या महिन्याच्या ड्यूटीच्या पाळ्यांचा तक्ता तुम्ही स्वतः घेऊन या. कुंदा ते फोनवर वाचून दाखवते, शब्दन् शब्द. पलीकडं कुणी बोलत नाही. एवढ्या शांततेत एखादी गोळी आरामात विरघळली असती.

ती फोन ठेवते, माझ्याजवळ येते, वाकते आणि वास घेते.

"ती गोळी थुंका आधी," ती तळहात पुढं करून म्हणते. "शुगर आहे तुम्हाला."